ज्येष्ठ व अनुभवी परिचारिका रुग्णालयीन सेवेत टिकविण्याचा प्रश्न : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात

सारांश :

रुग्णालयातील मनुष्यबळाचा विचार करताना मंजूर पदे, भरलेली पदे आणि रिक्त पदे यांची गणना केली जाते. त्या पदांवरील व्यक्तींच्या गाठीशी किती वर्षांचा अनुभव आहे, याची नोंद मात्र कोणत्याही तक्त्यात आढळत नाही. परिणामी अनुभवी परिचारिका सेवेतून बाहेर पडली आणि तिच्या जागी नवी परिचारिका रुजू झाली, की कागदोपत्री कोणतेही नुकसान दिसत नाही. प्रस्तुत लेखात या न दिसणाऱ्या नुकसानीचे स्वरूप, त्यामागील सेवाविषयक कारणे आणि संभाव्य उपाय यांचे विवेचन केले आहे. लेखाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून तो दुय्यम स्वरूपाच्या माहितीवर आधारलेला आहे.

बीजसंज्ञा : परिचर्या, अनुभवजन्य ज्ञान, सेवानिवृत्ती, मनुष्यबळ व्यवस्थापन, सार्वजनिक आरोग्य.

१. प्रस्तावना

२०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १८.४ लाख, तर कल्याण-डोंबिवलीची सुमारे १२.५ लाख होती. त्यानंतर घोडबंदर मार्ग, दिवा, कल्याण पूर्व आणि टिटवाळा या भागांत झालेली वस्तीची वाढ सर्वांच्या नजरेसमोर आहे. या लोकसंख्येचा सार्वजनिक आरोग्यसेवेचा भार मोजक्या रुग्णालयांवर आहे. ठाण्याचे विठ्ठल सायन्ना जिल्हा सामान्य रुग्णालय, ठाणे महानगरपालिकेचे कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय आणि उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय ही त्यांतील प्रमुख होत. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील आदिवासी पाड्यांवरून निघालेला रुग्णही अखेर यांपैकीच एखाद्या दारी येतो.

हा भार किती नाजूक तोलावर उभा आहे, याची जाणीव ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वांना झाली. कळवा येथील रुग्णालयात चोवीस तासांच्या अवधीत अठरा रुग्णांचा मृत्यू झाला आणि राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. अशा घटनेची कारणे अनेक असतात व तिचा संबंध कोणा एका घटकाशी जोडणे शास्त्रीय ठरणार नाही. तथापि जिल्हा रुग्णालयाच्या पुनर्बांधणीसाठी त्याचे स्थलांतर झालेले असताना शेजारच्या रुग्णालयावर वाढणाऱ्या रुग्णसंख्येचा प्रश्न त्या वेळी ठळकपणे पुढे आला. ठाण्यात ९०० खाटांच्या नव्या रुग्णालयाची योजना आखण्यात आली, ही बाब स्वागतार्हच आहे. परंतु खाटा वाढविता येतात, इमारत काही वर्षांत उभी राहते. वीस वर्षांचा अनुभव असलेली परिचारिका तयार होण्यास मात्र वीस वर्षेच लागतात. प्रस्तुत विवेचनाचा हाच प्रारंभबिंदू आहे.

२. परिचारिकेच्या अनुभवाचे स्वरूप

अनुभव म्हणजे नेमके काय, याचे शास्त्रीय विवेचन अमेरिकन परिचर्यातज्ज्ञ पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केले. परिचारिकेचा प्रवास नवशिकी, प्रगत नवशिकी, सक्षम, निपुण आणि तज्ज्ञ अशा पाच टप्प्यांतून होतो, असे त्यांनी मांडले. नवशिकी परिचारिका नियमांच्या आधारे काम करते. तज्ज्ञ परिचारिकेला संपूर्ण परिस्थिती एकदम उमगते व त्यातील कोणती बाब तातडीची आहे, हे तिला वेगळे मोजावे लागत नाही.

ठाणे जिल्ह्यातील रुग्णालयांच्या संदर्भात याची उदाहरणे सहज देता येतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या व्यक्तीला रात्री मण्यार चावते. दंशाच्या जागी सूज नसते, वेदनाही फारशी नसते आणि पहाटे रुग्ण केवळ पोटदुखीची तक्रार घेऊन येतो. त्याच्या पापण्या जड होत आहेत, आवाज बदलतो आहे, हे वेळेत ध्यानी आले तर प्रतिविष आणि कृत्रिम श्वसनाची तयारी करता येते. डेंग्यूच्या रुग्णाबाबतही असेच घडते. ताप उतरला म्हणून नातलग निर्धास्त होतात. परंतु रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरण्याचा धोकादायक कालखंड बहुधा त्याच सुमारास सुरू होतो. प्रसूतिकक्षात रक्तस्राव वाढत असताना रक्तदाब बराच काळ स्थिर भासतो, नाडीची गती मात्र आधी वाढलेली असते. ही सर्व माहिती पाठ्यपुस्तकात आहे. पाठ्यपुस्तकातील ओळ आणि समोरचा रुग्ण यांची सांगड रात्री तीन वाजता, तीस खाटांच्या कक्षात, कोणी न सांगता घालणे हे अनुभवाचे कार्य होय.

अनुभवाचे दुसरे अंग सातत्याचे आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी प्राणघातक हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे बेचाळीस वर्षे, त्यांची शुश्रूषा त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी केली. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालात या सेवेचा गौरवाने उल्लेख केला आणि इतक्या दीर्घ काळात त्यांना एकही शय्याव्रण झाले नाही, याची नोंद घेतली. या काळात परिचारिकांच्या अनेक तुकड्या निवृत्त झाल्या. रुग्णाला कूस केव्हा व कशी बदलून द्यावी, अन्न कोणत्या गतीने भरवावे, कोणत्या आवाजाने ती अस्वस्थ होते, हे ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे प्रत्यक्ष कृतीतून गेले. जुनी परिचारिका जाण्यापूर्वी नवी तिच्यासोबत काही काळ उभी राहिली, म्हणूनच हे शक्य झाले.

अनुभव म्हणजे निव्वळ वर्षांची बेरीज नव्हे, हेही येथे नमूद केले पाहिजे. शय्याव्रणाच्या लालसर जागेवर जोराने चोळणे किंवा प्रत्येक प्रसूतीपूर्वी सरसकट एनिमा देणे, यांसारख्या एकेकाळच्या रूढ पद्धती आता त्याज्य ठरल्या आहेत. ज्या परिचारिकेला नवे ज्ञान मिळण्याची संधीच दिली जात नाही, तिचा अनुभव सवयीत रूपांतरित होतो. म्हणून टिकविणे आणि शिकते ठेवणे या दोन बाबी परस्परांपासून वेगळ्या करता येत नाहीत.

३. संख्या आणि अनुभव : मापनातील उणीव

भारतीय परिचर्या परिषदेच्या प्रचलित मानकानुसार अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक, तर सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असावी आणि रजेसाठी ३० टक्के राखीव मनुष्यबळ असावे. तीन पाळ्यांचा विचार करता याचा अर्थ प्रत्येक पाळीत अनुक्रमे नऊ किंवा पंधरा खाटांमागे एक परिचारिका असा होतो. प्रत्यक्षात हे मानकही अनेकदा गाठले जात नाही, ही तक्रार जुनी आहे.

परिचारिकांच्या संख्येचे महत्त्व निर्विवाद आहे. लिंडा एकेन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत प्रत्येक परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, असे दिसून आले. तथापि प्रमाणाची भाषा एका मर्यादेपर्यंतच उपयुक्त आहे. अध्यापन रुग्णालयातील तीस खाटांच्या कक्षात मानकानुसार एका पाळीत तीन परिचारिका असतील. त्या तिघीही वर्षभरापूर्वी उत्तीर्ण झालेल्या असल्या तरी मानक पूर्ण होते. त्यांपैकी एक वीस वर्षे त्याच कक्षात काम केलेली असली तरीही मानक तेवढेच पूर्ण होते. या दोन कक्षांत दाखल होणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने मात्र फरक फार मोठा आहे.

महाविद्यालयीन क्षेत्रातील उदाहरणाने हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. तासिका तत्त्वावरील अध्यापक वर्गावर जातो आणि वेळापत्रक भरते. परंतु विभागाची स्मृती, अभ्यासक्रमातील बदलांचा इतिहास आणि विद्यार्थ्यांच्या अडचणींची जाण ज्या सातत्यातून साठते, ते सातत्य या व्यवस्थेत निर्माण होत नाही. दोष त्या अध्यापकाचा नसतो. रुग्णालयात हीच त्रुटी रुग्णाच्या जिवाशी निगडित होते.

४. सेवा सोडण्याची कारणे

४.१ वयाची व निवृत्तिवेतनाची रचना : महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ अन्वये राज्य शासनाच्या सेवेतील परिचारिका वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. केंद्र शासनाच्या सेवेत ही मर्यादा १९९८ पासून ६० वर्षे आहे. कळव्याच्या रुग्णालयाशी संलग्न राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय १९९२ मध्ये सुरू झाले. त्या सुमारास कोणत्याही सार्वजनिक रुग्णालयात पंचविशीत रुजू झालेली परिचारिका २०२५ च्या आसपास ५८ वर्षांची होते. म्हणजे एका संपूर्ण पिढीचे निर्गमन थोड्या वर्षांत एकवटते.

याच नियमांतील तरतुदीनुसार वीस वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर स्वेच्छानिवृत्ती घेता येते. राज्यात १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर रुजू झालेल्या कर्मचाऱ्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना सर्वसाधारणपणे लागू राहिली नाही. याचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला गेलेला नाही. जुन्या योजनेतील बहुतेक परिचारिकांची वीस वर्षे २०२५ अखेर पूर्ण झाली आहेत. त्यामुळे त्या सेवेत राहतात त्या नियमांच्या बंधनामुळे नव्हे, तर स्वतःच्या इच्छेने. ती इच्छा टिकून राहील अशी परिस्थिती निर्माण करणे ही आता व्यवस्थापनाची गरज बनली आहे.

४.२ शारीरिक भार : रुग्णाला उचलणे, कूस बदलणे, स्ट्रेचरवरून खाटेवर घेणे ही कामे कंबर, मान आणि गुडघे यांवर ताण आणतात. पंचविशीत हा ताण जाणवत नाही. पन्नाशीत तो रोजचा सोबती होतो. रात्रपाळीचा प्रश्न याहून गंभीर आहे. दैनंदिन शरीरचक्र बिघडविणाऱ्या रात्रपाळीच्या कामाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात ठेवले आणि २०१९ मध्ये तोच निष्कर्ष कायम केला. रजोनिवृत्तीच्या काळात झोपेचे विकार आधीच वाढलेले असताना महिन्यातून अनेक रात्री जागणे किती कठीण असते, याचा विचार पाळ्यांच्या तक्त्यात होत नाही. पंचविशीची आणि पंचावन्नची परिचारिका त्या तक्त्यात सारखीच असते.

४.३ प्रवास : या परिसरातील परिचारिकेचे काम कक्षात सुरू होत नाही, ते फलाटावर सुरू होते. घरांच्या किमतींमुळे अनेक कुटुंबे बदलापूर, आसनगाव, टिटवाळा अशी पुढे सरकत गेली. पाळी संपण्याची वेळ व लोकलची वेळ जुळली नाही तर कामाचा दिवस दोन-अडीच तासांनी लांबतो. कळवा, मुंब्रा व दिवा येथील गर्दीत चढणे-उतरणे हे वाढत्या वयात स्वतंत्र श्रमच ठरतात. मुंबईतील रुग्णालयात दीर्घकाळ काम करणाऱ्या आणि कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्या परिचारिकेचे ज्ञान तिच्या स्वतःच्या शहरातील रुग्णालयाला मिळत नाही, हेही याच रचनेचे फलित होय.

४.४ कौटुंबिक जबाबदारी : मुले लहान असताना प्रसूती रजा व बालसंगोपन रजा यांचा आधार मिळतो. पन्नाशीच्या उंबरठ्यावर सासू-सासरे वा आई-वडिलांचे आजारपण येते, तेव्हा त्या प्रकारची स्वतंत्र सवलत नसते. शिवाय घरात परिचारिका असल्यावर शुश्रूषा तिनेच करावी, अशी अपेक्षाही कुटुंबात गृहीत धरलेली असते.

४.५ पदोन्नतीचा विरोधाभास : अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका आणि अधिसेविका अशी पदांची उतरंड आहे. वरच्या पदांची संख्या थोडी असल्याने अनेकींना दीर्घकाळ एकाच पदावर राहावे लागते. सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजनेमुळे दहा, वीस आणि तीस वर्षांनंतर वेतनात लाभ मिळतो, परंतु कामाचे स्वरूप व निर्णयाचा अधिकार बदलत नाही. जिला पदोन्नती मिळते, तिचा वेळ साठानोंदी, कपडेपट, पाळ्यांचे तक्ते आणि पत्रव्यवहार यांत जातो. अशा रीतीने व्यवस्था अनुभवी परिचारिकेला एकतर जागीच ठेवते किंवा रुग्णाच्या खाटेपासून दूर नेते. खाटेपाशी राहून वर चढण्याचा मार्ग उपलब्ध नाही.

४.६ बदल्या व कंत्राटी नेमणुका : बदलीमागे समन्यायाचे तत्त्व असते आणि ते योग्यही आहे. परंतु नवजात अतिदक्षता कक्षात दहा वर्षे घालविलेली परिचारिका नेत्र विभागात गेली, तर तिचे विशेष कौशल्य निरुपयोगी ठरते. दुसरीकडे कंत्राटी व बाह्यस्रोताद्वारे होणाऱ्या नेमणुकांत अनुभव साठण्याआधीच मुदत संपते. बाह्यस्रोताद्वारे भरती करण्याच्या विरोधात मे २०२२ मध्ये राज्यातील परिचारिकांनी संप केला होता. कोविड काळात ठाण्यात ग्लोबल हब येथे आणि डोंबिवलीत क्रीडासंकुलात तात्पुरती रुग्णालये अल्पावधीत उभी राहिली, ही प्रशासनाची जमेची बाजू होय. मात्र साथ ओसरल्यावर तात्पुरते मनुष्यबळ विखुरले आणि त्यांनी मिळविलेला अनुभवही त्यांच्यासोबत गेला.

४.७ खाजगी रुग्णालये : डोंबिवली, कल्याण व ठाणे येथील लहान रुग्णालयांत बहुसंख्य परिचारिका तरुण असतात. एक-दोन वर्षांचा अनुभव मिळाला की त्या शासकीय भरती, मोठी रुग्णालये किंवा आखाती देश यांकडे वळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने दोनशेहून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयांत शासकीय परिचारिकांइतके, तर पन्नासहून कमी खाटा असलेल्या ठिकाणीही दरमहा किमान २०,००० रुपये वेतन असावे, अशी शिफारस केली होती. वेतन अपुरे असेल तर तेथे ज्येष्ठ परिचारिका टिकण्याची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

५. अन्यत्र झालेले प्रयत्न

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील दर सहा परिचारिकांपैकी एक पुढील दहा वर्षांत निवृत्त होणे अपेक्षित होते. त्यामुळे अनेक देशांनी या प्रश्नाकडे लक्ष दिले आहे. अमेरिकेत १९८३ मध्ये परिचारिकांना आकर्षित करणाऱ्या व टिकवून ठेवणाऱ्या ४१ रुग्णालयांचा अभ्यास झाला. त्यातून ‘मॅग्नेट’ म्हणजे चुंबक रुग्णालय ही संकल्पना पुढे आली. निर्णयात सहभाग, पाळ्यांतील लवचीकता आणि व्यावसायिक प्रतिष्ठा ही त्यांची वैशिष्ट्ये होती. २००६ मध्ये तेथील रॉबर्ट वुड जॉन्सन प्रतिष्ठानाने ज्येष्ठ परिचारिकांवर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत निवृत्त होऊन पुन्हा कमी तासांसाठी रुजू होण्याची सोय आहे. जपानमध्ये निवृत्तीच्या वयानंतरही काम करणाऱ्या परिचारिकांना ‘प्लॅटिनम नर्स’ असे संबोधून प्रोत्साहन दिले जाते. या सर्व प्रयत्नांत एक समान सूत्र दिसते. त्यांत परिचारिकेला कामाशी जुळवून घेण्यास सांगण्याऐवजी काम तिच्या वयाशी जुळवून घेतले गेले.

६. निवृत्तीचे वय वाढविणे हा उपाय आहे काय?

केंद्रीय आरोग्य सेवेतील डॉक्टरांचे निवृत्तीचे वय २०१६ मध्ये ६५ करण्यात आले. डॉक्टरांचा अनुभव मौल्यवान मानला जातो, मग परिचारिकांचा का नाही, हा प्रश्न रास्त आहे. तथापि सरसकट वयोवाढीला दोन आक्षेप घेता येतात. पहिला, नोकरीच्या प्रतीक्षेत असलेल्या तरुण परिचारिकांची संधी लांबते आणि मधल्या फळीची पदोन्नती खुंटते. दुसरा, काम न बदलता केवळ वय वाढविल्यास थकलेल्या शरीरावर आणखी दोन वर्षांच्या रात्रपाळ्या लादल्या जातात. वय वाढविल्याने परिचारिका हजेरीपटावर राहील. तिचे ज्ञान खाटेपाशी राहील याची हमी त्यातून मिळत नाही. म्हणून मूळ उपाय कामाच्या रचनेत शोधला पाहिजे.

७. उपाययोजना

१) प्रत्येक कक्षाच्या मनुष्यबळ तक्त्यात परिचारिकांच्या संख्येबरोबर त्यांच्या त्या विषयातील अनुभवाची वर्षेही नोंदवावीत. प्रत्येक पाळीत किमान एक अनुभवी परिचारिका असावी, हा दंडक करावा. यासाठी कोणताही मोठा खर्च येत नाही.

२) ज्येष्ठ परिचारिकांसाठी ‘चिकित्सालयीन मार्गदर्शक’ असे स्वतंत्र पद निर्माण करावे. त्यांच्याकडे नोंदवह्यांचे काम न देता नवागत परिचारिकांना खाटेपाशी शिकविणे, गंभीर रुग्णांची फेरी घेणे आणि धोक्याची लक्षणे ओळखणे ही कामे द्यावीत.

३) पन्नास वर्षांनंतर रात्रपाळ्यांची संख्या इच्छेनुसार कमी करण्याची मुभा असावी. हा भार तरुण परिचारिकांवर पडू नये म्हणून राखीव मनुष्यबळाची ३० टक्के तरतूद प्रत्यक्षात भरावी.

४) रुग्ण उचलण्याची साधने, सरकफळ्या आणि उंची बदलता येणाऱ्या खाटा खरेदी करताना त्यांचा विचार परिचारिकांच्या आरोग्यासाठीची गुंतवणूक म्हणून व्हावा.

५) विवक्षित कामासाठी सेवानिवृत्तांना करार पद्धतीने घेण्याची सोय राज्याच्या सेवेत आहे. तिचा उपयोग निवृत्त परिचारिकांना घराजवळच्या रुग्णालयात अर्धवेळ मार्गदर्शक म्हणून नेमण्यासाठी करावा. मुंबईत आयुष्यभर सेवा केलेल्या कल्याण-डोंबिवलीतील परिचारिकांचा लाभ त्यायोगे स्थानिक रुग्णालयांना होईल.

६) निवृत्तीपूर्वीच्या सहा महिन्यांत ज्येष्ठ परिचारिकेसोबत तिची उत्तराधिकारी काम करील, अशी नेमणूक व्हावी. आज बहुधा आधी पद रिक्त होते व नंतर ते भरले जाते. या मधल्या पोकळीतच ज्ञानाची साखळी तुटते.

या कामी महाविद्यालयांनाही सहभागी होता येईल. समाजशास्त्र, अर्थशास्त्र व मानसशास्त्र विभागांनी सेवा सोडणाऱ्या परिचारिकांच्या मुलाखतींचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतल्यास धोरणकर्त्यांना स्थानिक आधारसामग्री उपलब्ध होईल. वाणिज्य विभागांना एका अनुभवी परिचारिकेच्या जाण्याने होणाऱ्या खर्चाचा, म्हणजे भरती, प्रशिक्षण व वाढीव रुग्णालयीन मुक्काम यांचा हिशेब मांडता येईल. मराठी विभागांना त्यांच्या कार्यानुभवाचा मौखिक इतिहास संकलित करता येईल.

८. निष्कर्ष

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात रुग्णालयांच्या विस्ताराबरोबर परिचारिकांची मागणी वाढत जाणार आहे. त्याच वेळी नव्वदच्या दशकात रुजू झालेली पिढी सेवेतून बाहेर पडत आहे. रिक्त पदे भरणे आवश्यकच आहे, परंतु ते पुरेसे नाही. पद भरता येते, अनुभव भरता येत नाही. तो केवळ सोबतीने हस्तांतरित होतो. त्यासाठी देणारी आणि घेणारी, दोघी एकाच वेळी, एकाच कक्षात उपस्थित असाव्या लागतात. निवृत्तीच्या दिवशी शाल व श्रीफळ देऊन परिचारिकेचा सत्कार करण्याची प्रथा स्तुत्य आहे. त्या दिवसापूर्वी तिच्याजवळचे ज्ञान कोणाच्या हाती गेले, हा प्रश्न प्रत्येक रुग्णालयाने स्वतःला विचारणे ही आजची निकड होय.